वजनाचा दिवस

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. पुड्या तोलणारा टेबलावरचा किरकोळ काटा नव्हे, बरे का. चार पाय जमिनीवर घट्ट रोवून उभा राहणारा, छातीवर काचेची गोल तबकडी मिरवणारा धिप्पाड गडी. माझ्या लोखंडी पाटावर ओझे ठेवले की तबकडीतली लाल सुई धावते, जराशी डोलते आणि एका आकड्यावर थांबते. तो आकडा कुणाला आवडो न आवडो, मी तोच सांगतो. भीड नावाची गोष्ट माझ्या स्प्रिंगमध्ये घातलेलीच नाही.

ती स्प्रिंग बसवली एका टकल्या फिटरने. तो फार कमी बोलत असे. ठरलेल्या वजनाचे ठोकळे एकेक करून माझ्यावर ठेवायचा, डोळे बारीक करून सुईकडे बघायचा आणि आतला स्क्रू केसभर फिरवायचा. असे त्याने कितीदा केले कोण जाणे. शेवटी मी बरोबर दाखवू लागलो तेव्हा त्याने पाटावर दोनदा थाप मारली आणि तो पुढच्या काट्याकडे वळला. तेवढे कौतुक मला पुष्कळ वर्षे पुरले.

माझी पहिली नोकरी पार्सलच्या गोदामात होती. खोकी येत, खोकी जात. मित्रांनो, खोक्याइतका कंटाळवाणा प्रवासी दुसरा नाही. आपण कुठे चाललो आहोत याचे त्याला काडीचेही कौतुक नसते. मी इमानाने आकडे दाखवले, हमालांच्या लाथा खाल्ल्या, तबकडीला एक तडाही मिळवला. मग विजेवर चालणारे नवे काटे आले आणि माझी रवानगी भंगारवाल्याकडे झाली.

तिथून मला मालकीणबाईंनी उचलले. त्या आल्या होत्या जुने कपाट बघायला. मला पाहून थबकल्या, चपला काढून पाटावर चढल्या आणि सुईकडे बघून त्यांनी तोंड वाकडे केले.

"चालतो का हो हा?" भंगारवाल्यालाच शंका होती.

"चालतो," त्या उसासा टाकून म्हणाल्या, "दुर्दैवाने अगदी बरोबर चालतो."

मालकीणबाईंचे दुकान सहलींचे होते. काचेचे दार, एक लांब काउंटर, पाणी प्यायचे यंत्र, भिंतीवर कडा वळलेली समुद्राची आणि डोंगरांची चित्रे. विमान, हॉटेल, जेवण, फिरवणे असे सगळे एकत्र बांधून त्या एकाच किमतीत विकत. त्याला त्या पॅकेज म्हणत. मला त्यांनी निळा रंग दिला, तडा गेलेली काच बदलली आणि दाराजवळ उभे केले. कारण त्यांच्या दुकानात एक रीत होती. सहलीला निघण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या प्रवाशांनी भरलेल्या बॅगा घेऊन दुकानात यायचे, वजन करून घ्यायचे आणि बॅगेला रंगीत फीत बांधून न्यायची. "विमानतळावर चारचौघांत बॅग उपसण्यापेक्षा माझ्या दुकानात उपसा," असे त्या सांगत. या दिवसाला सगळे वजनाचा दिवस म्हणत.

काय सांगू त्या दिवसाची मजा! खोक्यांत आयुष्य गेलेल्या मला पहिल्यांदा कळले की ओझ्यालाही आनंद होतो. लोक दारातूनच बोलत यायचे. कुणी गळ्यात विमानात झोपायची उशी आदल्याच दिवशी अडकवलेली. कुणाच्या बॅगेवर बसून दोघे जण चेन ओढताहेत. लहान मुले बॅगेआधी स्वतःच पाटावर चढत, उड्या मारत आणि सुई कशी नाचते ते पाहून खिदळत. माझ्या स्प्रिंगला कळ यायची, पण मी सहन करत असे.

एके दिवशी दोन बहिणी सहल ठरवायला दुकानात आल्या. थोरली निवृत्त बस कंडक्टर होती. आवाज असा की शेवटच्या बाकावरच्यालाही ऐकू जावा. धाकटी रुग्णालयात नर्स होती. वय झाले होते तरी थोरली तिला बेबीच म्हणे. या कंडक्टरबाई खुर्चीवर बसल्या आणि नमस्काराच्याही आधी म्हणाल्या, "पैसे कुणाच्या खिशात जातात?"

मालकीणबाईंना अशा प्रश्नांचा राग येत नसे. "माझ्या खिशात नाही, मावशी. ते वेगळ्या खात्यात राहतात आणि त्या खात्यावर तिसऱ्याचीच देखरेख असते. तुम्ही सहल करून सुखरूप घरी आलात की मगच ते मला मिळतात. मध्ये विमानवाले बुडाले, हॉटेलवाले बुडाले, अगदी मी बुडाले, तरी तुमचे पैसे तुम्हाला परत."

"तुम्ही बुडणार आहात का?"

"नाही हो."

"मग एवढी तयारी कशाला?"

बेबीने कपाळावर हात मारला. "ताई, बसमध्ये आग विझवायचा सिलिंडर असतो. म्हणून काय रोज बस पेटते?"

"आमच्या बसमधला रिकामाच असायचा," कंडक्टरबाई म्हणाल्या.

त्यांचा हा संशय उगाच नव्हता. फार वर्षांपूर्वी त्यांनी अशाच एका सहलवाल्याकडे पैसे भरले होते. ठरल्या पहाटे दोघी बॅगा घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. उजाडले, दुधवाला येऊन गेला, शाळेची मुले गेली, पण गाडी काही आली नाही. सहलवाल्याच्या दुकानाला कुलूप होते. दोघी बॅगा ओढत घरी परतल्या तेव्हा गल्लीतला प्रत्येक जण खिडकीत उभा होता. त्यानंतर थोरलीने सहलीचे नाव काढले नाही. आयुष्यभर लोकांना हव्या त्या थांब्यावर उतरवले, स्वतः मात्र कुठे उतरली नाही.

आता बेबीने हट्ट धरला होता. रात्रपाळ्या करून करून तिला एकच इच्छा उरली होती: जिथे अंथरुणातून समुद्र दिसतो अशा खोलीत पोटभर झोपायचे. त्यासाठी तिने वॉर्डातल्या प्रत्येक नर्सची एकेक पाळी आधीच करून दिली होती आणि बदल्यात आठवडाभराची रजा मिळवली होती. ही रजा मागेपुढे होणारी नव्हती. एका बेटावरची सहल ठरली. मालकीणबाईंनी मदत कक्षाचा नंबर असलेले कार्ड दिले. "काहीही अडलं तर या नंबरवर फोन करायचा. दिवस असो, रात्र असो."

"रात्री कोण उचलतंय," कंडक्टरबाई पुटपुटल्या, पण कार्ड त्यांनी ब्लाउजमध्ये नीट ठेवले.

मग वजनाचा दिवस उजाडला. दुकान सकाळीच भरले. जुळ्या मुलांचे आईबाप होते, उशी गळ्यात घातलेले एक गृहस्थ होते आणि दोघी बहिणी होत्या. कंडक्टरबाईंची बॅग माझ्यावर ठेवायला बेबीलाही हात लावावा लागला. सुई धावली ती बावीस किलोवर जाऊन थांबली.

"यात काय भरलंयस गं?" बेबीने विचारले.

"लागेल ते," कंडक्टरबाई म्हणाल्या.

एवढ्यात मालकीणबाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकले, चष्मा काढला आणि काउंटरच्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी काही लपवले नाही. बेटाकडे जाणारी विमान कंपनी त्या सकाळी बंद पडली होती. तिची सगळी विमाने जमिनीवर होती आणि ती उडणार नव्हती.

उशीवाल्या गृहस्थांनी गळ्यातली उशी काढून हातात घेतली. मग जुळ्यांनी भोकाड पसरले.

"ऐका," मालकीणबाई म्हणाल्या, "कुणाचंही काही बुडणार नाही. हवे असतील तर पैसे पूर्ण परत मिळतील. नाहीतर पुढची तारीख घ्या. नाहीतर जागा मिळाली तर दुसऱ्या मार्गाने याच सहलीला जा. काय हवं ते तुम्ही सांगा, बाकीचं माझ्याकडे लागलं."

उशीवाल्या गृहस्थांनी पैसे परत मागितले आणि काउंटरवरच त्याची कारवाई सुरू झाली. जुळ्यांच्या आईबापांनी पुढच्या महिन्याची तारीख घेतली. कंडक्टरबाईंनी मात्र खुर्ची ओढली, माझ्याशेजारी मांडली आणि बॅगेच्या मुठीवर हात ठेवून बसल्या.

"ताई, चल घरी," बेबी हळूच म्हणाली. "पैसे मिळतायत ना परत."

"पैसे मिळतील. तुझी रजा कोण परत देणार?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्या वेळी आपण निमूट घरी गेलो. या वेळी मी नाही हलायची."

मित्रांनो, बॅग माझ्यावर होती म्हणून मला ठाऊक आहे. हे म्हणताना त्यांनी मूठ अशी दाबली की माझी सुई क्षणभर बावीसच्या पुढे गेली.

मालकीणबाईंनी मदत कक्षाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला. पलीकडे एक गृहस्थ होते. त्यांना जबरदस्त सर्दी झालेली होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मध्ये दोनदा शिंकले, थोडा वेळ मागितला आणि मग म्हणाले, "उद्या सकाळी बेटावर टपालाचं छोटं विमान जातं. त्यात प्रवाशांच्या दोन जागा आहेत. त्या मी धरून ठेवतो. जास्तीचा खर्च तुमच्याकडून घेणार नाही. फक्त एक अडचण आहे."

"आलीच," कंडक्टरबाई म्हणाल्या.

"विमान लहान आहे. माणशी बारा किलोच सामान. एक ग्रॅमही वर चालत नाही. बसेल का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. इतक्या जणांनी एकदम माझ्या तोंडाकडे बघण्याची ती पहिलीच वेळ. मी काय करणार? बावीस म्हणजे बावीस.

बेबीची बॅग हलकी होती, तिचा प्रश्न नव्हता. तिने थोरलीच्या बॅगेची चेन सरकन ओढली आणि आतले सामान पाहून ती बघतच राहिली. वरच दोन चादरी आणि एक उशी होती.

"हे कशाला?"

"खोली दिलीच नाही तर? कुठे झोपायचं?"

हे फोनवरच्या गृहस्थांनी ऐकले. "खोली नाकारली तर तिथूनच आम्हाला फोन करायचा. त्याच तोडीची दुसरी खोली शोधणं आमचं काम. पैशांचा फरक पडला तर तो आमचा. तुम्ही फक्त खुर्चीत बसून राहायचं."

"खुर्ची तरी देतील ना?"

"देतील, मॅडम." आणि एक शिंक.

"मॅडम नको. कंडक्टर म्हणा." असे म्हणून त्यांनी चादरी आणि उशी बाहेर काढली. माझी सुई खाली सरकली. त्यानंतर कोरड्या खाऊचे डबे निघाले. जेवण किमतीतच धरलेले आहे हे त्यांनी दोनदा वदवून घेतले. मग निघाली साखळी आणि कुलूप. मग इस्त्री, कपडे वाळत घालायचा दोर, दोन छत्र्या. आणि मग औषधांची एक फुगलेली पिशवी.

"अगं, नर्स मी आहे," बेबी म्हणाली. "तू अख्खं औषधांचं दुकान घेऊन निघालीस?"

"नर्स आजारी पडली तर तिला कोण बघणार?"

"बेटावर डॉक्टर आहेत आणि उपचारांचा विमा तुमच्या पॅकेजमध्येच आहे," फोनवरून उत्तर आले. "पण तुमच्या रोजच्या गोळ्या मात्र काढू नका हं."

"तेवढी अक्कल आहे मला," कंडक्टरबाई म्हणाल्या. पण हे त्यांना आवडलेले दिसले. रोजच्या गोळ्या परत आत गेल्या, बाकीचे दुकान बाहेर आले.

घरी जायला निघालेले लोक एव्हाना दारातच थांबले होते. जुळे रडायचे विसरले. एकेक वस्तू बाहेर पडली की ते माझ्या तबकडीला नाक लावून आकडा ओरडत. सतरा. सोळा. चौदा! उशीवाले गृहस्थ, ज्यांना घरी जाऊन स्वस्थ झोपता आले असते, ते काढलेल्या वस्तूंची चळत नीट रचत होते.

सुई तेराच्या पुढे अडकली. बॅगेच्या तळाशी आता एकच जड वस्तू होती. बेबीने आत हात घालून जाड तळव्यांचे दोन दणकट बूट वर काढले. नोकरीतले बूट होते ते.

"आणि हे?"

कंडक्टरबाई बुटांकडे बघत म्हणाल्या, "चालत परत यायची वेळ आली तर."

"बेटावरून?" बेबी म्हणाली.

दुकान हसले. फोनवरचे गृहस्थही हसले आणि त्यांना ठसका लागला. कंडक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी बूट बेबीच्या हातातून घेतले आणि परत बॅगेत ठेवले.

"परतीचं विमान बंद पडलं तर?" त्यांनी फोनकडे तोंड करून विचारले. "आज पडलंय तसं."

"तर तुम्हाला घरी आणणं आमच्याकडे," गृहस्थ आता गंभीर होते. "दुसऱ्या विमानाने आणू, बोटीने आणू. तोपर्यंत तिथलं राहणं, जेवणही आमच्याकडे. तुम्ही ज्या संरक्षणासह पॅकेज घेतलंय, त्याचा अर्थच तो."

"आणि तुम्ही फोनच उचलला नाहीत तर?"

हा खरा प्रश्न होता, मित्रांनो. त्या फसलेल्या पहाटे बेबीला बॅगांजवळ थांबवून त्यांनी कोपऱ्यावरच्या सार्वजनिक फोनवरून सहलवाल्याला पुन्हा पुन्हा फोन लावला होता. पलीकडे घंटी वाजत राहिली होती. हे बेबीलाही तोवर माहीत नव्हते, थोरलीच्या तोंडून तिने ते त्या दिवशी दुकानात पहिल्यांदा ऐकले.

गृहस्थ एकदा शिंकले. मग म्हणाले, "असं करा, कंडक्टरबाई. आत्ता हा फोन ठेवून द्या. दुसऱ्या कुठल्याही फोनवरून तुमच्या कार्डावरचा नंबर लावा. मी उचलणार नाही. मी चहा प्यायला जातो."

फोन बंद झाला. कंडक्टरबाईंनी ब्लाउजमधून कार्ड काढले, बेबीचा मोबाइल घेतला आणि एकेक आकडा दाबला. बेबीने आवाज मोठा केला. एकदा घंटी वाजली. दुसऱ्यांदा वाजली. तिसऱ्यांदा वाजायला लागली तेव्हा बेबीने डोळे मिटून घेतले.

"नमस्कार, मदत कक्ष," एका बाईचा आवाज आला. "तुमचा बुकिंग नंबर सांगता?"

कंडक्टरबाईंनी सांगितला. पलीकडे बटणांची टकटक झाली.

"हं, मिळालं. बेट, दोघी बहिणी, टपालाच्या विमानात दोन जागा धरल्यात." आवाज जरा थांबला. "वजनाचं कुठवर आलं? इथे लिहिलंय की फक्त बूट राहिलेत."

मी आयुष्यात बरीच वजने उतरताना पाहिली आहेत. हमालाच्या पाठीवरून उतरताना पाहिली, ट्रकमधून उतरताना पाहिली. पण त्या क्षणी कंडक्टरबाईंच्या चेहऱ्यावरून जे उतरले, ते मोजायला माझ्या तबकडीवर आकडा नाही. त्यांनी बूट काढले, जुळ्यांपैकी एकाच्या हातात दिले आणि माझ्याकडे बघितले. सुई डोलली, खाली आली, बाराच्या रेषेवर घुटमळली आणि अकराच्या जवळ जाऊन थांबली.

जुळ्यांनी असा जल्लोष केला की रस्त्यावरची माणसे काचेतून आत डोकावली.

"ताई, अजून किलोभर जागा आहे," बेबी म्हणाली. "काय घेतेस?"

"काही नको. रिकामी राहू दे. तिकडे काही आवडलं तर?" आणि मग त्या फोनमध्ये म्हणाल्या, "धरून ठेवलेल्या जागा पक्क्या करा. डबल बेल." बस सोडायची असली की कंडक्टर दोनदा घंटी मारतो ना, तीच ही डबल बेल. पलीकडच्या बाईंना ते बरोबर कळले.

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. मी तर दुकानातच, पण दिवसभर माझे लक्ष दारातून दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्याकडे होते. चादरी, कुलूप, बूट अशी ती सगळी चळत मालकीणबाईंनी सांभाळायला म्हणून माझ्याच पाटावर ठेवली होती. त्यानंतर एका सकाळी फोन वाजला. सर्दीवाले गृहस्थ होते.

"तुमच्या कंडक्टरबाईंचा फोन आला होता मदत कक्षात."

मालकीणबाई उभ्याच राहिल्या. "काय झालं? खोली नाही दिली?"

"दिली की. मीही तेच विचारलं, काय मदत हवीय म्हणून. म्हणाल्या, काही नको. बेबी अजून झोपलीय, खिडकीतून नुसतं पाणीच पाणी दिसतंय आणि तुमची सर्दी कशी आहे ते विचारायचं होतं."

मालकीणबाई फोन ठेवून काही वेळ एकट्याच हसत होत्या.

दोघी उन्हाने रापून परत आल्या आणि सामान घेऊन गेल्या. पण मित्रांनो, ती चळत उचलल्यावर माझी सुई शून्यावर आली नाही. थोडी वरच अडकली. आठवडाभर ओझे अंगावर राहिल्याने माझी स्प्रिंग ताणली गेली होती. कारागीर आला, त्याने आतला स्क्रू केसभर फिरवला, तेव्हा मी पुन्हा खरे बोलू लागलो.

आता पुष्कळ लोक घरीच मुठीएवढ्या काट्याला बॅग टांगून वजन करतात आणि सहलही मोबाइलवरच ठरवतात. वजनाचा दिवस अजून होतो, पण गर्दी कमी. एरवी माझ्यावर सहलींच्या माहितीपत्रकांचे गठ्ठे ठेवलेले असतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढीच विनंती आहे: तुमच्या आसपास माझ्यासारखा एखादा जुना काटा असेल तर त्याच्यावर उड्या मारू नका, त्याचा पाट कोरडा ठेवा. आणि त्याच्यावर जे ठेवले असेल, ते काम झाल्यावर उचलून घ्या. अंगावर कायमचे ओझे असले की काट्याला हलकी वस्तूही जड वाटू लागते.

उद्या जुळे येणार आहेत. त्यांची पुढची तारीख आली. मालकीणबाईंनी आत्ताच माझ्यावरचे गठ्ठे काढले आणि काच पुसली. मी तयार आहे.